बडोदा ते हॅम्बुर्ग, दहा दिवस

एक्सेलमध्ये बावीस नावं.
तेविसावी ओळ अजून पुसली नाही मी.

सकाळी बंदर, दुपारी कॉफीचं गोदाम,
संध्याकाळ मोकळी, आपापल्या जबाबदारीवर.
ठेपले किती न्यायचे
यातच अर्धी मीटिंग गेली.

शर्वाणी शिर्के काल आली
वडिलांचं पासबुक घेऊन.
दांडिया बाजारात बॅटऱ्यांचं दुकान.
सहा महिन्यांच्या नोंदी:
भरले, काढले, भरले, काढले.
म्हटलं, व्हिसाला शिल्लक दिसावी लागते.
"सर, शिल्लक पडून राहिली
म्हणजे धंदा थांबला,
असं बाबा म्हणतात."

एकोणीस वर्षं शिकवतोय
खेळतं भांडवल.
हे वाक्य
फळ्यावर कधी आलं नाही.

वकिलातीला पत्र लिहायला घेतलंय.
'प्रवासाचा हेतू' इथवर आलोय.
कर्सर लुकलुकतोय.