वकील शोधताना केलेली बेरीज

पिओरियात, नदीच्या या काठाला,
ट्रस्ट करून देणारे वकील सात.
मुकुंदनं त्यांची यादी फ्रिजवर लावली,
वाणसामानाच्या यादीशेजारी.
दूध काढताना मी रोज वाचायचे.

पहिल्यानं फोनवरच सांगितलं,
दर सहा मिनिटांचे पैसे पडतील.
मी मराठीत विचार करून इंग्रजीत बोलते,
माझी सहा मिनिटं
नमस्कार-चमत्कारातच जातात.

दुसरे फार सज्जन,
देवळातल्या आपट्यांनी सुचवलेले.
हातात हात घेऊन म्हणाले, काळजी सोडा.
पण केस पांढरेशुभ्र,
आणि जिना चढताना तीनदा थांबले.
मोटारीत बसल्यावर मी म्हटलं, नको.
का, ते मुकुंदनं विचारलं नाही.
आम्ही दोघं एकच गणित करत होतो केव्हापासून:
मी अडुसष्ट, तो एकाहत्तर,
शार्दूल चौतीस.

नाव शार्दूल,
आणि भितो व्हॅक्यूम क्लीनरला.
त्याच्या नावावर थेट ठेवलं तर सरकारी मदत थांबते,
न ठेवलं तर तो उघडा पडतो.

लोरेन कूब्लरचं ऑफिस
चाव्या करून देणाऱ्याच्या दुकानावर.
घर, बँक, विमा, सगळ्या फायली
मुकुंदनं रंगवार लावून नेलेल्या.
तिनं त्या बाजूला सरकवल्या, विचारलं,
सकाळी उठल्यावर तो आधी काय करतो?

चौतीस वर्षांत सहीशिक्क्याच्या कुठल्याच माणसानं
हे विचारलं नव्हतं.
मी सांगत गेले.
शर्टाचं मानेवरचं लेबल कापून टाकायचं.
वरणात गूळ, पण खडा दिसता कामा नये.
सोळा नंबरची बस. ती चुकली तर
दुसरीत बसवायचं नाही,
पुढच्या सोळाची वाट पाहायची.
आणि नक्की नसेल तर 'उद्या' म्हणायचं नाही.

ती लिहून घेत होती. मग म्हणाली,
या कागदाला कोर्टात किंमत नाही.
तरी मी तो सगळ्यात वर लावते.

दुसऱ्या कागदावर एक रिकामी ओळ:
आमच्यानंतर विश्वस्त कोण.
देवस्थानच्या ट्रस्टवर नाव लागावं म्हणून
माझ्या माहेरी सख्खे भाऊ कोर्टात गेले.
इथं एवढीशी ओळ,
आणि मी फोनमधली नावं
'अ'पासून खाली सरकवत होते.
भाची आहे डेव्हनपोर्टला. गुणी आहे.
पण तिचंच तिला पुरेनासं झालंय.

तेवढ्यात शार्दूलनं टेबलावरच्या क्लिपा
आकारानं लावून टाकल्या होत्या.
वर बघून त्यानं लोरेनला विचारलं,
तू किती वर्षांची?
मुकुंद खाकरला. मी त्याचा हात दाबला.
बावन्न, ती म्हणाली. न हसता.
शार्दूलनं बोटांवर काहीतरी मोजलं,
मान डोलावली
आणि क्लिपांकडे परत वळला.

ओळ कोरीच ठेवून आम्ही उतरलो.
मीटरवर अकरा मिनिटं शिल्लक,
फुकट कशाला घालवा, मुकुंद म्हणाला,
म्हणून मोटारीत बसून राहिलो तिघं.
दुकानात कुणीतरी चावी घासत होतं,
कर्रकन आवाज यायचा, थांबायचा.
शार्दूलनं एकच कान झाकला.

परत यायचं? त्यानं विचारलं.
हो, मंगळवारी.
नक्की?
मी मुकुंदकडे पाहिलं.
मंगळवार नक्की, म्हटलं.