साल

शाळेत सिन्योरा पाल्मिरानं छडी उगारून शिकवलं होतं:
तीन अधिक चार सात,
चार अधिक तीन सात,
पुढेमागे कसेही मांडा, बेरीज हलत नाही.
एव्होराच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
माझ्या धाकट्या लेकीहून लहान डॉक्टर सांगते, हलते.

"तुमचे तीन आधी आहेत, सिन्योर बेल्मीरू.
आधी तीन, मग चार. हे बरं."
मी म्हटलं, बरं म्हणजे किती बरं?
सुया टोचून काढलेल्या बारा काड्या,
त्यांतल्या चारांत कीड.
उरलेल्या आठांचं कुणी कौतुक केलं नाही.

मग तिनं एक कागद पुढे सरकवला.
शंभर छोटी माणसं, दहा ओळींत दहा,
सगळी एका उंचीची, बोडकी.
"दहा सालांनंतर," ती म्हणाली, आणि पेनानं
कोपऱ्यातली तीनचार राखाडी केली: ही या दुखण्यानं.
मग आणखी पुष्कळ, तिरक्या रेघांनी:
ही हृदयानं, ही फुप्फुसानं, ही जिन्यावरून पडून.
एकाहत्तर चालू आहे तुम्हाला, तेही धरावं लागतं.
उरलेली कोरी.
मी विचारलं, यातला मी कोणता?
तिनं पेनाला टोपण लावलं.
"कागदाला ते माहीत नसतं."

खरं बोलली. म्हणून आवडली.

चौपन्न उन्हाळे मी बुचाच्या ओकांची साल काढली.
कुऱ्हाड मारायची ती मनगटानं.
साल फाटली पाहिजे, आतली आई नाही.
आई म्हणतो आम्ही त्या ओल्या पापुद्र्याला;
तिला घाव बसला की त्या जागी
झाड पुन्हा नीट साल धरत नाही.
किती खोल जायचं ते डोळ्यांना कळत नाही,
कानांना कळतं.
म्हणून मी शब्द सोडून तिचा आवाज ऐकत होतो.
शस्त्रक्रिया, ती म्हणाली. किंवा किरण. किंवा
तूर्त हात न लावता नजर ठेवून राहायचं.
तिसऱ्या वाक्याला आवाज पोकळ आला नाही.

साल उतरवलेल्या खोडावर आम्ही पांढऱ्या रंगानं
त्या सालाचा शेवटचा आकडा लिहितो.
पाच म्हणजे यंदा.
इथून नऊ सालं कुणी कुऱ्हाड लावायची नाही.
झाड ते वाचत नाही. वाचतो आम्ही.

दुलसिन्यू, माझा जोडीदार,
झाडाच्या पलीकडच्या अंगाची कुऱ्हाड,
त्याचेही सातच निघाले.
गुत्त्यात पेला आपटून म्हणाला, जोडी जमली बघ म्हाताऱ्या,
तू सात, मी सात!
त्याचा कागद मी वाचला होता. चार आधी होते.
मी त्याचा पेला भरला,
आणि पाल्मिराबाईंची बेरीज तशीच राहू दिली.

झुल्मीरानं माझी शंभर माणसं फ्रिजवर लावली,
किराण्याच्या यादीशेजारी, सार्डीनच्या आकाराच्या चुंबकाखाली.
बोलली काहीच नाही.
रात्री उठावं लागतंच, तीनदा, चारदा.
एकदा पाणी प्यायला दार उघडलं, तर त्या पिवळ्या उजेडात दिसलं:
खालून दुसऱ्या ओळीतल्या एका कोऱ्या माणसाला
तिनं पेन्सिलीनं टोपी काढली होती.
माझी. पुढून चेपलेली.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मुकादमानं ब्रश माझ्या हातात दिला.
ओढ्याकाठचा थोरला ओक, उघडा, तांबूस,
अजून घाम आल्यासारखा.
पुढल्या वेळी इथे चार येईल.
तेव्हा मी ऐंशीचा असेन,
किंवा तिरक्या रेघांतला,
किंवा राखाडी.
पाच काढला. पोट जरा ओघळलं त्याचं.
पुसत बसलो नाही.
सोमवारी दुलसिन्यूला घेऊन एव्होराला जायचंय.
सव्वासातची बस.
त्याच्या वतीनं मीच विचारीन,
बरं म्हणजे किती बरं,
आणि आवाज ऐकेन.