ब्रिक्स

मोहाडीच्या शिवारात चौदा वर्षं मी हेच करते आहे:
घडाच्या खांद्यावरचा एक मणी, पोटातला एक, शेपटाचा एक,
चिमटीत दाबायचे,
थेंब काचेवर, वर झाकण,
नळी डोळ्याला लावून उजेडाकडे तोंड.
निळं जिथं संपतं, तो आकडा.
अठराच्या खाली असेल तर कात्री लावायची नाही.
बागायतदार चहा पाजतात, हात जोडतात,
एकानं तर काचेवर फुंकर मारून पाहिली.
साखर कोणाचं ऐकत नसते, मी सांगायचे.
मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

मग तो ताप आला.
अकरा दिवस नाशिकरोडला, पालथी झोपवलेली.
शेजारच्या कॉटवरची बाई रात्रभर कोणाला तरी
गॅस बंद केलास का, असं विचारायची.
चौथ्या रात्री विचारायची थांबली.
मी घरी आले. रिपोर्ट निगेटिव्ह.
सोसायटीच्या वॉचमननं टाळ्या वाजवल्या, एकट्यानंच.

तहान नंतर आली.
वाटलं, औषधांची उष्णता.
माठ संपवून रात्री तीनला मी फ्रिजपाशी उभी,
गंगापूर धरण दिलं असतं तर प्यायले असते, गाळासकट.
सलवारीची नाडी रोज बोटभर आत.
बारीक झालात हो, म्हणत बायका, काय खाता सांगा की.
पहिल्यांदा कळलं ते मुंग्यांना.
मोरीच्या कोपऱ्यातून त्यांची रांग निघाली.
मुंग्यांचं काय ते आईकडून ऐकलेलं होतं,
तरी मी नुसती हळद टाकली.

चारशे बारा.
खैरनार डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइडनं असेल,
विषाणूनं असेल, आधीपासून दबा धरून असेल,
आता कोणाच्या नावावर टाकायची?
काहींची उतरते. काहींची मुक्कामाला राहते.
मी विचारलं, माझी?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

आता पहाटे माझंच बोट चिमटीत.
थेंब पट्टीवर, पाच सेकंद,
उजेडही लागत नाही.
आकडा कमी आला की बरं वाटतं,
आणि तासाभरानं बागेत
हाच जीव आकडा चढायची वाट बघतो.

फेब्रुवारीत कंटेनर खोळंबला होता.
सुई घेतली, भाकरी राहिली.
सातव्या ओळीत माझे हात दुसऱ्या कोणाचे झाले,
अंगभर घाम, आणि ‘पाणी’ हा शब्दच सापडेना.
भागी भोये, सुरगाण्याची, काढणीला आलेली,
तिच्या सासऱ्याला असं व्हायचं.
तिनं काही विचारलं नाही,
गाल दाबून मणी कोंबले, एक, अजून एक, देठासकट,
पानाआडच्या त्याच घडाचे
जो मी दहा मिनिटांपूर्वी नापास केला होता.
साडेसोळा.
गिळा मॅडम, ती म्हणाली,
धुतलेले नाहीत, पण गिळा.

बांधावर बसून बोट टोचलं तेव्हा चोपन्न.
तो मी चुकीच्या रकान्यात लिहिला.
संध्याकाळी पॅकहाउसातून पोराचा फोन:
मॅडम, सातव्या ओळीला चोपन्न ब्रिक्स कसा?
बरोबर आहे, मी म्हटलं.
तेवढी ओळ उद्यापर्यंत काढू नका.