काळी चार

सोमवारी उद्यमनगर बंद.
लेथवर फडकं टाकलेलं,
हाताला कटिंग ऑइलचा वास तसाच,
आणि मी गिटार घेऊन दस्तगीरच्या माडीवर.
खाली मोटार रिवाइंडिंगचं दुकान, तेही बंद.

माझी बोटं आधीच घट्ट होती,
तारेनं त्यांचं काही बिघडलं नाही.
ई मेजर : चित्रात तीन ठिपके,
ठिपक्यांवर बोटं ठेवली, वाजलं.
पहिलं बोट उचललं तर ई मायनर.
वाजलं तेही.
पण का, ते बोटांना ठाऊक. मला नाही.
ड्रॉइंग बघितल्याशिवाय मी साधा बुश चकात धरत नाही,
आणि इथं चार महिने
नुसत्या अंदाजानं जॉब काढत होतो.

"बोटं मोजू नगंस," दस्तगीर म्हणाला, "पट्ट्या मोज."
वराती वाजवून वाजवून
त्याच्या कीबोर्डची एक पट्टी खचलीय,
काडेपेटीचा पुठ्ठा सारून उभी केलेली.
त्यानं तीन बोटं ठेवली.
पांढरी तीन, काळी चार, पांढरी सात.
"हे तुझं मेजर."
मग मधलं बोट नुसतं शेजारी सरकवलं,
काळीवरून पांढरीवर,
आणि खोलीतला उजेड कमी झाला.
दुपारचे दोन वाजले होते.

मग एकेक तार छेडायची, तिची पट्टी हुडकायची.
जाडी तार, तीन. पुढची सात. परत तीन.
मग काळी चार.
मग सात, आणि बारकी शेवटची, पुन्हा तीनच.
चहाच्या बिलामागं लिहून काढलं
आणि बघत बसलो :
सहा तारा, सूर तीनच.
तिघी एक सांगतात, दोघी दुसरं,
काळी चार मात्र एकटी.
तिच्या मागं बोलायला कुणी नाही
आणि सगळ्यांनी हसायचं की नाही
हे तीच ठरवते.

घरी आम्ही सहा.
मागच्या बुधवारी वहिनी "जेवून घ्या" म्हणाली,
रोजचेच शब्द,
फक्त अर्धी पट्टी खाली.
रस्सा नेहमीसारखाच तांबडा होता.
दादानं भाकरी मोडली, आईनं टीव्ही बारीक केला,
पोरं भांडली नाहीत.
कुणी काही विचारलं नाही.
मी तर चार महिने ऐकायला शिकत होतो,
मीही नाही.

रात्री परड्यात बसून वाजवलं.
बोट ठेवलं. उचललं. ठेवलं.
आत भांड्यांचा आवाज थांबला.
"भाऊजी," वहिनी दारातनं म्हणाली,
हात ओले, पदराला पुसत,
"ते मगाचंच वाजवा की.
बोट उचलल्यालं."

मी वाजवलं.
ती उंबऱ्यावर टेकली.
"वहिनी," म्हटलं, "बुधवारी..."
तार अजून हलत होती.