उखर्डू मिस्त्री

फैजपूरला, एस.टी. स्टँडमागच्या बोळात
उखर्डू मिस्त्रीकडे कूलर नेला तेव्हा
खरं तर नवा घ्यायचं ठरवूनच निघालो होतो.
जुन्याचे किती देता, एवढंच विचारायचं होतं.

पारा सेहेचाळीस.
दुकानात पंखा एकच, त्याला पाती तीन तऱ्हेची.
त्यानं मोटार हातानं फिरवली, कान लावला.
"बुश गेलं. काहून फेकतो?"

जाळीतला भुसा कुजलेला.
तिथे त्यानं केळीच्या खोडाचे वाळके धागे भरले,
घड उतरल्यावर बांधाला जे ढीग सडतात ना,
त्यातले, सायकलवर बांधून आणलेले.
"खिडकी कुठल्या अंगाला?"
"पश्चिमेला."
"मग त्याचं काय चुकलं?
दुपारभर उन्हाशी भांडतोय तो."

एकशे ऐंशी रुपये.
जुनं बुश मात्र ठेवून घेतलं. पितळ आहे, म्हणाला.

निघताना नावाचं विचारलंच.
हसला. आधीची तीन गेली होती,
म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवलं,
शेजारच्या इच्छामावशीनं उचललं,
आणि सूपभर ज्वारी देऊन आईनं परत घेतलं.
"तेव्हापासून चालू आहे."

आता उत्तरेच्या खिडकीत रात्रभर घुरघुरतो.
टाकीतलं उरलेलं पाणी सकाळी मोगऱ्याला.
बायको म्हणते, आवाज फार करतो.
करतो खरा.

नव्याचं पत्रक अजून पाकिटात आहे,
घडीवर फाटत चाललेलं.
तेही आता फेकवत नाही.