सुटल्यावर वळणारा चेंडू

आज मी एक गोल रद्द केला.
चार मिनिटं लागली.
स्टेडियममागच्या बिनखिडकीच्या व्हॅनमध्ये
डोळ्यांत तेल घालून
एका पोराच्या बगलेतून रेषा ओढली,
पुसली, पुन्हा ओढली,
आणि बाहेर अकरा हजार माणसं
अर्ध्यावर अडकलेली आरोळी तोंडात धरून थांबली.
नखभर पुढे होता तो.
नियम बरोबर. मीही बरोबर.

रात्री बिटोमला, भावाच्या गॅरेजात.
खारवलेल्या काकड्यांचा वास, टायरांचा वास,
आणि झेमोवितचा पिवळा पडलेला संगणक.
फ्लॉपी आत गेली की जात्यासारखा घरघरतो.
जॉयस्टिकच्या दांड्याला चिकटपट्टी;
त्र्याण्णव साली हरल्यावर तो मी मोडला होता,
हे अजून दर वेळी ऐकवतो.

मग हिरवं. भडक, शाळकरी हिरवं,
त्यावर मुंगळ्यांएवढे बावीस जण,
केसांच्या तीन रंगांत बसवलेली सगळी मानवजात.
नावं एकेका अक्षराने चुकवलेली,
कुणी पैसे मागायला येऊ नये म्हणून.
अर्धं मैदान घसरत येऊन पाय घालतात
आणि चड्डीसुद्धा न झटकता उठून पळतात.
गुडघेच नाहीत, तर जातील कुठून?

झेमोवितचा गुडघा स्टुलावर असतो, उशी घालून.
खाणीच्या संघात डावीकडून सुटायचा तेव्हा
बाबा कुंपणाला धरून उभे राहायचे.
एकोणीस वर्षांचा होता.
त्यावर आम्ही बोलत नाही.
'चोर,' म्हणतो. 'नशीब तुझं,' म्हणतो. 'चहा ओत.'

सुटलेला बाण, शिट्टी, त्या दिवशीची ती उडी,
काहीच मागे घेता येत नाही.
पण इथे पायातून सुटलेला चेंडू
क्षणभर, पापणी लवेपर्यंत,
अजून तुमचं ऐकतो.
दांडा झुकवला की तो हवेतच विचार बदलतो,
गोलकीपरला वळसा घालून,
भौतिकशास्त्राच्या तोंडाला पानं पुसून
आत.
झेमोवित स्वतःही खुर्चीत तेवढाच कलतो, डावीकडे.

सात-पाच. तीन मिनिटांत बारा गोल.
शेवटच्या वेळी त्याचा माणूस
माझ्या सगळ्यांच्या पुढे, एकटाच उभा होता.
डोळ्याने सवयीने रेषा ओढायला घेतली.

'पुन्हा?' झेमोवित म्हणाला.
मी फ्लॉपी आत ढकलली.