कानात पितळ

खानापूरच्या ठाण्यात, मागच्या खोलीत,
भिंतीला टेकून उभ्या आहेत अठ्ठेचाळीस बंदुका.
प्रत्येकीच्या गळ्यात सुतळी, सुतळीला पुठ्ठा,
पुठ्ठ्यावर कन्नडमध्ये गाव, नाव, नंबर.
निवडणूक लागली की असं होतं.
गव्यांना, डुकरांना मोकळं रान,
आणि ठासणीच्या बंदुका
शाळा सुटल्यावर थांबवून ठेवलेल्या पोरींसारख्या.

मला बोलावणं येतं,
कारण मी रवळू मेस्त्रीची लेक.
दुकानात आता कुकरच्या शिट्ट्या बदलते, पंपाचे वॉशर घालते,
खरं घोडा मी आधी बंदुकीवर पाहिला,
टांग्याचा नंतर.
चाप, माशी, गज, दस्ता, कान.
शाळेत बाई म्हणाल्या, रंजक म्हणजे मन रमवणारं.
मला हसू आलं.
आमच्या घरी रंजक वरच्या फळीवर डब्यात असायची,
पोरांचा हात पोचू नये म्हणून.

बाबा सांगायचा, आधी जामगी होती. पेटती दोरी.
ती कानाशी न्यायची, रंजक फुरफुरायची,
मग कुठं बार.
तेवढ्यात समोरचा पळून जायचा,
नाहीतर आपलं मन.
मग गारगोटी आली. मग टोपी.
‘सगळी सुधारणा काय, तर तो मधला वेळ कापत जाणं,’
म्हणायचा, आणि कानस चालू ठेवायचा.
एकदा बेळगावात, कॅम्पाच्या मागं,
चांदमारीच्या कुंपणाबाहेर सायकल धरून उभा राहिला बराच वेळ.
घरी येऊन म्हणाला, ‘मोजता येईना गं.
मध्ये जागाच नाही.’

एकतीस नंबर.
जांबोटीच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे, तिथली.
मालक सातेरी गावकर.
रताळ्याच्या शेतात राखणीची रात्र,
बांधाखालून काहीतरी वाकून येत होतं.
ते काहीतरी म्हणजे धाकटा भरमू,
तंबाखू आणायला गेलेला.
टोपीची बंदूक.

कोर्ट सुटल्यावर सातेरी ती घेऊन आमच्याकडं आला.
‘मोडून टाक, मेस्त्री.’
बाबा म्हणाला, ‘मोडली तर सरकारला दाखवणार काय?’
रात्रभर भाता चालला.
सकाळी नळी तशीच, दस्ता तसाच,
कानात मात्र पितळ, घासून सपाट केलेलं,
बोट फिरवलं तरच कळावं असं.
बाबानं पैसे घेतले नाहीत. चहाही दिला नाही.
दोघं उंबऱ्यावर बसून राहिले, बसची वेळ होईपर्यंत.

तेव्हापासून दर निवडणुकीला
सातेरी ती कांबळ्यात गुंडाळून आणतो,
पावती घडी करून टोपीत ठेवतो,
निकालानंतर परत न्यायला येतो.
परवान्याची फी चुकवत नाही.
शेतात पत्र्याचा डबा बडवतो म्हणे.
मी एकदाच विचारलं, कशाला हे सगळं?
‘पोरं मोठी झाल्यात,’ म्हणाला.
‘आमच्या घरात परवाना एकच.
ही हाय तवर दुसरी येत न्हाई बघ.’

हवालदार बसलिंगप्पा बैलहोंगलचा, यंदाच बदलून आलेला.
त्यानं घोडा ओढून पाहिला, नळीत फुंकलं,
गज आतबाहेर केला.
‘अक्का, ही उडत नाही. शेऱ्यात काय लिहू?’
ह्या वहीत इतकी वर्षं कोणी विचारलंच नव्हतं.
‘कान बुजलाय म्हणा.’
‘कान?’
त्यानं स्वतःचा धरला. ‘किवी?’
‘हो. किवी.’
‘मग किवुडु,’ तो म्हणाला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात गोल गोल अक्षरांत लिहिलं:
बहिरी.

बाहेरून प्रचाराची रिक्षा गेली,
आधी कन्नड, मग मराठी, मग नुसताच ढोल.
खिडकीची काच थरथरली.
बसलिंगप्पानं शाई वाळेपर्यंत वही उघडीच ठेवली.
मग बत्तीस नंबर.